येताना एक, जाताना दोन

१

लग्नघरात म्हाताऱ्याला काम नसतं. बस म्हंतात, आणि बसलं की ऊठ म्हंतात, कारण खुर्ची पाहिजे असते. म्हणून मी माझ्यापुरतं एक काम धरलं होतं. सकाळी चहा झाला की नातीच्या टेबलापाशी जायचं आणि विचारायचं, "आज कुणाचं आलं?"

नात म्हणजे तेजस्वी, माझ्या मारुतीची थोरली. बेळगावात एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते, निम्मा आठवडा घरातनंच. वडगावातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम होते. एक विकला, त्या जागी तिचं टेबल आलं. फरशीवरचे तेलाचे डाग काही गेले न्हाईत, त्याच्यावर पाय ठेवून ती बसते. दुसऱ्या मागावर मारुती साड्या काढतो. बाप खडाखडा वाजवतो, लेक टकाटका वाजवते, आणि मधी मी.

लग्न तिचंच. नवरा निपाणीचा, लग्न निपाणीत. आमच्याकडनं दोन बस जायच्या होत्या. आता कोण येणार ते विचारत घरोघर हिंडायचं सोडून तिनं इंटरनेटवर एक पान केलं. ज्याच्या त्याच्या फोनवर लिंक जायची. दाबली की त्याच्या नावाची ओळ उघडायची. येताना गाडीत किती, जाताना गाडीत किती, आणि खाली एक मोठा रकाना, 'काही सांगायचं असल्यास'.

त्या रकान्यात माणसं मोकळी व्हायला लागली. कुणाला साखर, कुणाला मूळव्याध, कुणाला पुढच्या चाकावर बसलं की उलटी. माझी चुलतभावजय जयाबाई हिनं तर पानभर लिहिलंय, असं तेजू म्हणाली.

"काय लिहिलंय?"

"ते सांगायचं नसतं, आप्पा."

मागच्या साली माझ्या पुतण्याच्या, युवराजच्या लग्नात असलीच यादी कुणीतरी व्हॉट्सॅपवर टाकली. कोण कुणाशेजारी बसणार न्हाय ते साऱ्या वडगावला कळलं. दोन घरं अजून बोलत न्हाईत. म्हणून ह्या खेपेला तेजूनं कुलूप घातलं होतं.

२

"कुलूप म्हंजे कसलं? दाखव मला."

तिनं पडद्यावर दुसरंच काहीतरी उघडलं. जिथं सगळं साठवलेलं असतं ती जागा म्हणे. नावं दिसत होती. पण नावापुढं आकडे न्हाईत, मजकूर न्हाय, नुसता चिवडा. इंग्रजी अक्षरं, अंक, चिन्हं, ओळच्या ओळ.

"हे काय गं, उंदरानं कुरतडल्यागत?"

"हेच जयाआजीनं लिहिलंय. साठवताना असं होतं आणि वाचताना आपोआप सरळ होतं. लिहिणाऱ्याला कळत न्हाय, वाचणाऱ्याला पण कळत न्हाय. मधल्यामधी होतं."

मी चौथी शिकलोय, पण साठ वर्षं साड्या विणल्यात. पदरावर मोर काढला की पुढनं मोर दिसतो आणि साडी उलटी केली की नुसता दोऱ्यांचा गुंता. मोर तोच, गुंता तोच. मी तिला तसं सांगितलं तर ती खूश झाली.

"व्हय, अगदी तसंच. फक्त ह्या साडीची उलटी बाजू बघून मोर वळखता येत न्हाय. त्याला चावी लागते."

"चावी कुठाय?"

"ह्या मशीनमधी न्हाय. दुसरीकडं ठेवलीय."

"दुसरीकडं म्हंजे?"

"सांगितलं तर कुलूप कशाला घालायचं?"

"आणि चावीबिगर कुणी आत घुसून लिहिलं तर?"

"तर ते उघडतच न्हाय. लाल अक्षरात येतं, 'वाचता येत नाही'. चावी असल्याबिगर सरळ वाचता येईल असं कुणी लिहूच शकत न्हाय."

हे तिनं मला चारदा समजावलं. पोरगी हुशार हाय. कुणाची नात.

३

आमच्या घरची एक रीत हाय. लग्नाचं पहिलं आवतान मेलेल्यांना. उंबऱ्यावर उभं राहून अक्षता हातात घ्यायच्या आणि नाव घेऊन सांगायचं, अमक्या दिवशी लगीन हाय, या. मग देवाला, मग जित्यांना. माझ्या आज्यानं केलं, बापानं केलं, मी केलं.

ह्या खेपेला आवतान फोनातनं चाललं होतं. मी म्हटलं, "मग जुन्या माणसांची नावं पण घाल. पहिल्या ओळीला."

तेजू हसली, पण घातली. माझा बाप, माझी आई, आणि माझी बायको नागुबाई. नागुबाईला जाऊन सहा वर्षं झाली.

"फोन नंबर लागतो, आप्पा. त्याबिगर ओळ होत न्हाय."

"आई-बापाला माझा घाल."

"आणि आजीला?"

"तिचा तिला घाल. दुसऱ्याच्या फोनवर निरोप आलेला तिला चालायचा न्हाय. महिनाभर बोलणार न्हाय माझ्याशी."

हेच मला तेव्हा बोलायला नको होतं. रीत उंबऱ्यावर सांगायची होती. उंबऱ्यावर सांगितलं की माणूस ऐकतो आणि सोडून देतो. उत्तर द्यायची सोय तिथं नसते.

तेजूनं नागुबाईचा जुना नंबर घातला. ते सिम कधीच बंद झालं होतं. ह्या तीन ओळींची परवानगी तिनं मला दिली. म्हणाली, "ह्यांची उत्तरं तुम्हीच भरा." मी आई-बापासमोर शून्य घालायला लावलं. नागुबाईची ओळ मोकळी ठेवली. शून्य घालवंना.

४

मंगळवारी आमच्याकडं बाराच्या सुमाराला लाईट जाते. लाईट गेली की सगळ्या वडगावचे माग एकदम थांबतात. दिवसभर तो खडखडाट कानात भरलेला असतो म्हणून कळत न्हाय. थांबला की मग कळतं, आपण किती आवाजात बसलेलो होतो. भर दुपारी, उन्हात, सगळी गल्ली कुणीतरी श्वास धरल्यागत.

तेजू आत जेवत होती. मारुती बाहेर बिडी ओढायला गेलता. मी तिच्या खुर्चीत बसलो होतो. तिचा कॉम्प्युटर बॅटरीवर चालू होता.

त्या शांततेत मला एक ठोका ऐकू आला.

धप्प.

थोडं थांबून परत. धप्प.

हातमागाचा ठोका हाय हा. साठ वर्षं ऐकलेला आवाज चुकत न्हाय. पण आमच्या गल्लीत आता हातमाग न्हाय. शेवटचा आमच्याच मागच्या खोलीत होता, नागुबाईचा, खड्ड्यात पाय सोडून बसायचा तसला. खड्डा बुजवून वर फरशी घालून त्याला आठ वर्षं झाली. आता तिथं लग्नाची भांडी ठेवल्यात.

मी मनाशी म्हटलं, कुणीतरी धुणं बडवतंय. मग म्हटलं, धुणं असं तालात कोण बडवतं. मग म्हटलं, म्हाताऱ्या, तुझे कान मागांनीच खाल्लेत, गप बस.

तेवढ्यात कॉम्प्युटर टिंग करून वाजला. उत्तर आलं की तसं वाजतं. मी चष्मा सारला. यादीतली पहिली मोकळी ओळ आता मोकळी नव्हती.

नागुबाई. येताना १. जाताना २.

५

"आप्पा, तुम्हीच भरलंय," तेजू म्हणाली.

"मला कुठलं बटण दाबायचं ते कळतंय व्हय?"

"मग कुणीतरी चेष्टा केलीय. तो नंबर दुसऱ्याला दिला असंल कंपनीनं. लिंक त्याला गेली."

हे पटलं मला. मी तिथल्या तिथं नंबर लावला. बाई कन्नडात बोलली, मग इंग्रजीत, हा नंबर अस्तित्वात न्हाय.

मग मला रवळूचा संशय आला. रवळू म्हंजे माझा लहानपणापासनंचा दोस्त, शेजारच्या गल्लीतला, नुसता वाह्यात. त्याच्या दारात जाऊन मी त्याला शिव्या घातल्या. तो बत्ताशा खात होता.

"मी नागुवैनीच्या नावानं चेष्टा करीन व्हय रं, आण्णाप्पा?" तो म्हणाला. "ती असताना केली न्हाय. भ्यायचो मी तिला. आता तर जास्त भ्यातो."

हे पण खरं होतं.

संध्याकाळी तेजूनं आतली जागा उघडून बघितली. कोण कधी काय भरतं त्याची नोंद आपोआप होते म्हणाली. नागुबाईच्या ओळीसमोर वेळ होती, दुपारी बारा दहा. लिहिणाऱ्याचं नाव असायचं तिथं मोकळं. लिंक उघडल्याचीसुद्धा नोंद नव्हती.

"म्हंजे दार उघडलंच न्हाय," मी म्हटलं, "आणि माणूस आत बसलंय."

"पण आप्पा, हे चावीनंच लिहिलंय. बघा, सरळ वाचता येतंय. चावी माझ्याशिवाय कुणाकडं न्हाय." ती हसत होती. मग जरा हसायची थांबली. मग परत हसली. लग्न आठ दिवसांवर आलेल्या पोरीला भ्यायला सवड नसते. म्हणाली, "आजी येणार म्हंजे चांगलंच की. मला पाहिजेच होती ती."

मारुतीला सांगितलं तर तो म्हणाला, "आईला खिडकीशेजारची सीट ठेवू." आणि सगळं घर हसलं. भावकीतल्या बाया मागं गहू निवडत बसल्या होत्या, त्या पण हसल्या. आमच्या घरात त्या आठवड्यात कशालाही हसत होते.

मी हसलो न्हाय. मी दुसऱ्या आकड्याकडं बघत होतो.

६

जाताना एक जास्त असं लई जणांनी लिहिलं होतं. येताना दोन, जाताना तीन, कारण लेकीला निपाणीत गाडीत घेणार. त्याचं काही न्हाय. पण नागुबाई एकटी येणार आणि जाताना कुणालातरी घेऊन जाणार. कुणाला?

तेजू लहान असताना आजीच्या मागाशेजारी खेळायची. एकदा कुणाचं तरी लग्न बघून आली आणि रडाय लागली, मला सासरी एकटीला जायचं न्हाय. नागुबाईनं माग थांबवला आणि तिला सांगितलं, "एकटी कशी जाशील, तुझी पाठराखीण मीच. मी तुला घेऊन जाणार." पोर विसरली असंल. मी ऐकलं होतं. आणि ही बाई शब्द दिला की मोडणारी नव्हती. एकदा म्हणाली की शहापूरच्या त्या दुकानदाराला परत साडी देणार न्हाय, तर मरेस्तोवर दिली न्हाय.

हे मी कुणाला सांगणार? हळदीच्या घरात असलं तोंडातनं काढायचं न्हाय.

मी तेजूला म्हटलं, "ते दोनाचं एक कर. गाडीचा हिशेब चुकतोय."

तिनं केलं. मी समोर उभा राहून बघितलं. जाताना १.

रात्रभर बरं वाटलं. सकाळी परत चहा घेऊन गेलो तर जाताना २.

"सेव्ह झालं नसंल," ती म्हणाली. नोंद उघडली तर तिनं बदललेलं दिसत होतं, तिच्या नावानं. त्याच्या खाली आणखी एक ओळ. नाव मोकळं. तिनं परत एक केलं. दुपारी परत दोन. तिसऱ्यांदा मी तिला करू दिलं न्हाय. नागुबाईला तिसऱ्यांदा बोललेलं आवडायचं न्हाय.

७

लग्नाच्या चार दिवस आधी सगळी बाजाराला गेली. मी न्हाय गेलो. गुडघा दुखतोय म्हटलं.

घरात मी एकटा. मारुतीचा माग बंद, आजूबाजूचे चालू. मी तेजूच्या खुर्चीत बसलो आणि नागुबाईची ओळ उघडली. माझ्या परवानगीची ओळ होती, उघडली. खाली मोठा रकाना. काही सांगायचं असल्यास.

एका बोटानं लिहायला मला अर्धा तास लागला. अक्षरं शोधायची, मग काना कुठाय, मग पडद्यावर पळते ती सुई परत आणायची. घामानं बनियन भिजलं. जन्मात मी तिला पत्र लिहिलं नव्हतं. लिहायचं कारणच पडलं न्हाय, रोज तोंडासमोर होती.

लिहिलं: पोरीला ऱ्हाऊ दे. तिचं आत्ता सुरू व्हायलंय. कुणाला न्यायचं असंल तर मी येतो.

बटण दाबलं. पडद्यावरचा गोळा फिरला आणि थांबला.

तेवढ्यात लाईट गेली. मंगळवार नव्हता. सगळे माग गप्प झाले. मी मागच्या खोलीच्या दाराकडं बघितलं. दार अर्धं उघडं होतं. आत हंडे, परात, एकावर एक. त्यातली वरची परात हलली म्हणू न्हाय, पण वाजली. खालनं फरशीला कुणी ठोका द्यावा तशी. एकदाच.

मी उठून बघाय गेलो न्हाय. खोटं कशाला सांगू.

पडद्याकडं बघितलं तर माझं लिहिलेलं गेलं होतं. त्या रकान्यात एकच शब्द होता.

बरं.

भांडण संपवायचं असलं की ती एवढंच म्हणायची आणि कामाला लागायची.

संध्याकाळी तेजू यादी तपासत होती. तिनं मान वर केली.

"आप्पा, तुम्ही तुमच्या ओळीत जाताना शून्य का केलं? निपाणीत ऱ्हाणार काय माझ्याबरोबर?"

मी काही केलं नव्हतं. माझ्या ओळीत येताना १, जाताना १ असं तिनंच भरलं होतं. मी जवळ जाऊन बघितलं. शून्य. आणि नागुबाईच्या ओळीत अजून दोन.

म्हंजे मी तिकडं मोजला गेलो होतो. दुसरा मी. पोरगी न्हाय.

छातीवरचा दगड उतरला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "बघू. जेवण बरं असलं तर ऱ्हातो."

"ऱ्हावा की, माझ्या सासूला शिव्या घालाय कुणी न्हाईच तिथं," ती म्हणाली.

८

असलं लग्न मी बघितलं न्हाय. तवंदीच्या घाटात दोन्ही बसमधली माणसं खिडकीतनं एकमेकांना गाणी म्हणून दाखवत होती. मंडपात सनई होती, बँड होता, आणि एक पोरगा मोठ्या पेटीतनं असलं काय वाजवत होता की माझे बहिरे कानसुद्धा उघडले. रवळूनं मला ओढून नाचायला उभं केलं.

"गुडघा दुखतोय म्हणालतास न्हवं?"

"आता कशाला जपायचा?" मी म्हटलं. तो हसला. त्याला कळलं न्हाय.

मांडे होते. साखरेची गोळी खिशात ठेवली आणि चार मांडे खाल्ले, वर दूध. मारुती डोळे वटारून बघत होता. मी त्याला बघून पाचवा घेतला. जयाबाई जिच्याशेजारी बसणार न्हाय म्हणून पानभर लिहून बसली होती, तिच्याच शेजारी बसून तिच्या पानातला पापड खात होती.

तेजू निघाली तेव्हा रडली, आणि रडता रडता मला म्हणाली, "आजी आली असंल का हो?"

"आली असंल की."

"मला भ्या वाटत न्हाय, आप्पा."

"कशाला वाटायचं. तुझ्याशी तिचं काय काम न्हाय आता."

ती नवऱ्याच्या गाडीत बसली. पाठराखीण म्हणून तिची मावशी गेली. गाडी वळणावरनं दिसेनाशी होईस्तोवर मी बघत उभा होतो. गाडीत तेजू, नवरा, मावशी, गाडीवाला. चौघंच. मी दोनदा मोजले.

९

आता पाच वाजलेत. ऊन अजून हाय. मी दुसऱ्या बसमधी बसलोय, मधल्या रांगेत, वाटेकडच्या बाजूला. खिडकीकडची जागा मी सोडलीय.

माणसं दमून चढायला लागलीत. अंगाला अत्तराचा, घामाचा, भाताचा वास. जयाबाई पिशव्या घेऊन आली, माझ्यापाशी थांबली.

"सरका की वो आप्पा, खिडकीशी बसते मी."

तिनं माझ्या पलीकडं वाकून बघितलं. मग म्हणाली, "भरलीय व्हय, ऱ्हाऊ दे," आणि मागं गेली.

तिच्या डोळ्याचं गेल्या साली ऑपरेशन झालंय. तिला धड दिसत न्हाय, असं तीच सगळ्यांना सांगत असते. मी मान वळवून खिडकीकडं बघितलं न्हाय. खांद्याला मात्र जरा ऊब लागतेय. उन्हाची असंल. पण ऊन पलीकडच्या बाजूला हाय.

मला वाटलं होतं भ्या वाटंल. पोट भरलंय, पोरगी सुखानं गेली, आणि जन्मात पहिल्यांदा मला खिडकीसाठी तिच्याशी भांडावं लागलं न्हाय.

मारुती फोन घेऊन दारात उभा राहिला. यादी पहिल्या ओळीपासनं वाचायला लागला. थकला होता, काय वाचतोय तिकडं त्याचं ध्यान नव्हतं. माझ्या बापाचं नाव, शून्य. आईचं नाव, शून्य.

"नागुबाई," तो म्हणाला, "दोन."

मग थांबला. मान वर करून त्यानं गाडीतनं नजर फिरवली. मागचा दंगा जरा कमी झाला.

"हाय रं," मी म्हटलं. "दोघं बसलोय. सोड गाडी."